गादी महालात, कारभार सदरात

(सदर, नागपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या मास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते नागरिकशास्त्र शिकवत. आमच्या वेळी त्या विषयात हमखास येणारा एक प्रश्न होता : महापौराची कामे लिहा. तीन गुण. सभेचे अध्यक्षस्थान भूषवणे, शहरात येणाऱ्या थोर पाहुण्यांचे स्वागत करणे, आणि तिसरं काम काय लिहायचं यावर वर्गात कुजबुज चालायची. मास्तर ती चालू द्यायचे. पुढे मी वार्ताहर झालो, महापालिकेच्या आमसभांना पत्रकारांच्या बाकावर बसून पुष्कळ वर्षं काढली, आणि लक्षात आलं की त्या तिसऱ्या कामावर खुद्द सभागृहातही कुजबुजच चालते.

आजचा विषय आहे महापौराची राजकीय कारकीर्द. ती कुठून सुरू होते, कुठे जाते, आणि त्या जाण्यायेण्यात शहराच्या वाट्याला काय येतं, एवढंच बोलणार आहे. आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी स्पेनमधल्या बिल्बाओ या बास्क शहराच्या महापौराचं नाव घेतलं. त्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "काऊन जी, आपल्या इथले महापौर संपले का?" संपले नाहीत. म्हणूनच सुरुवात घरून करतो.

आपण बसलो आहोत सदरमध्ये. बाहेरच्या रस्त्याला आपण रेसिडेन्सी रोड म्हणतो, पण हा रेसिडेन्ट कोण, हे आता फारसं कोणी विचारत नाही. १८१७ ची सीताबर्डीची लढाई झाली, अप्पासाहेब भोसले पदच्युत झाले, आणि गादीवर अल्पवयीन तिसरे रघूजी बसले. राजा महालात होता. कारभार मात्र इकडे, शहराच्या पश्चिमेला, रेसिडेन्ट रिचर्ड जेन्किन्सच्या हाती होता. महसूल, न्याय, फौज, सगळं राजाच्या नावानं चालायचं आणि हुकूम इकडून सुटायचा. राजा मोठा झाला, १८३० पर्यंत टप्प्याटप्प्यानं कारभार त्याच्याकडे परत गेला. १८५३ मध्ये तो वारला, आणि पुढच्या वर्षी राज्यच खालसा झालं. गादी एकीकडे आणि किल्ल्या दुसरीकडे, ही व्यवस्था या गावानं दोनशे वर्षांपूर्वी पाहिलेली आहे.

आता नकाशा बघा. महापालिकेची आमसभा भरत आली ती महालातल्या टाऊन हॉलमध्ये. आयुक्तांचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये, इथून हाकेच्या अंतरावर. कोणी ठरवून केलेलं नाही, तरी योगायोग इतका नेमका आहे की मला त्याचं हसू येतं. महापौर महालात आणि आयुक्त रेसिडेन्सीच्या बाजूला.

नागपूरला नगरपालिका १८६४ मध्ये आली. महापालिका झाली १९५१ मध्ये, मध्य प्रांताच्या विधिमंडळानं नागपूरसाठी केलेल्या १९४८ च्या स्वतंत्र कायद्यान्वये. तेव्हा हे शहर राजधानी होतं. पहिले महापौर बॅरिस्टर शेषराव वानखेडे. त्यांच्याकडे शेवटी पुन्हा येणार आहे, नाव लक्षात असू द्या.

मानाचं पद म्हणजे पोकळ पद, असं मला म्हणायचं नाही. ऑक्टोबर १९५६ मध्ये याच शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली आणि दुसऱ्या दिवशी महापालिकेनं त्यांना मानपत्र दिलं. त्या वेळी उपमहापौर होते सदानंद फुलझेले, तिशीही न गाठलेले. दीक्षा समारंभाच्या तयारीत ते होते आणि पुढे दीक्षाभूमी स्मारक समितीच्या कामात आयुष्यभर राहिले. कायद्यानं उपमहापौराला जवळजवळ काहीच दिलेलं नाही. तरी योग्य माणूस योग्य दिवशी त्या खुर्चीवर असला की शहराच्या वतीनं उभं राहता येतं. पण असा दिवस एखादाच येतो. बाकीचे दिवस नळाचे, गटाराचे आणि कचऱ्याचे असतात, आणि त्या दिवशी महापौराच्या हाती काय असतं, हा खरा प्रश्न आहे.

हाती असतं ते 'निर्देश'. आमसभेत नगरसेवक उठतो, प्रभागात चार दिवस पाणी नाही म्हणून ओरडतो. महापौर म्हणतात, प्रशासनानं खुलासा करावा. अधिकारी उठतो, खुलासा करतो, त्यात काहीच खुललेलं नसतं. मग महापौर निर्देश देतात. दुसऱ्या दिवशी आम्ही बातमी लिहितो : 'महापौरांचे प्रशासनाला निर्देश'. अशा बातम्या मी किती लिहिल्या असतील, मोजल्या नाहीत. त्या निर्देशाचं पुढे काय झालं याची बातमी क्वचितच लिहिली, हाही माझाच कबुलीजबाब. कारण नेमणुका, बदल्या, कार्यादेश, देयकं, अंमलबजावणी हे सगळं आयुक्तांच्या सहीचं. आयुक्त सनदी अधिकारी, राज्य सरकारनं पाठवलेला, राज्य सरकारच बोलावून घेणार. पैशाच्या मंजुरीची चावी स्थायी समितीकडे. सभागृहानं केलेला ठराव सरकारला पटला नाही तर तो विखंडित होतो. महापौराच्या वाट्याला सभेचं नियंत्रण आणि समसमान मतं पडली तर निर्णायक मत, तेही क्वचित.

जून २०२० मध्ये हे सगळं उघड्यावर आलं. करोनामुळे आमसभा टाऊन हॉलऐवजी सुरेश भट सभागृहात भरली होती, महापौर होते संदीप जोशी आणि आयुक्त तुकाराम मुंढे. सभागृहात शब्दाला शब्द लागला आणि आयुक्त सभा सोडून निघून गेले. शहर दोन तटांत वाटलं गेलं. मुंढे बरोबर की नगरसेवक बरोबर, यावर पानठेल्यावरही वाद. मला तेव्हा वेगळंच दिसत होतं. आयुक्त उठून गेल्यावर सभागृह अडलं, कारण ज्यानं उत्तर द्यायचं आणि काम करायचं तो एकच माणूस होता. महापौर उठून गेले असते तर उपमहापौर खुर्चीवर बसले असते आणि काम पुढे सरकलं असतं. ऑगस्टमध्ये मुंढेंची बदली झाली, तीही मुंबईतून.

या रिकाम्या खुर्चीत एकदा काही काळ खरोखरीची सत्ता भरली गेली होती, आणि तीही नागपुरात, हे आज अनेकांच्या ध्यानात नाही.

देवेंद्र फडणवीस १९९२ मध्ये पहिल्यांदा नगरसेवक झाले, वयाच्या बाविसाव्या वर्षात. धरमपेठेतलं घर, वडील गंगाधरराव जनसंघ-भाजपचे, विधान परिषदेचे सदस्य. ते १९८७ मध्ये गेले. आणीबाणीत वडील तुरुंगात असताना लहान देवेंद्रनं इंदिरा गांधींच्या नावाच्या शाळेत जायला नकार दिला, ही गोष्ट त्यांच्या चरित्रात नेहमी सांगितली जाते. नगरसेवक झाले त्याच वर्षी कायद्याची पदवीही मिळाली. १९९७ मध्ये सत्ताविसाव्या वर्षात ते महापौर झाले. नागपूरचे सर्वांत तरुण महापौर म्हणून त्यांचं नाव तेव्हा गाजलं आणि अजून सांगितलं जातं. पण मला त्यांच्या वयापेक्षा पुढच्या वर्षी जे घडलं त्यात जास्त रस आहे.

१९९८ मध्ये युती सरकारनं मुंबई आणि नागपूर या दोन महापालिकांसाठी 'मेयर इन कौन्सिल' पद्धत आणली. मराठीत महापौर परिषद. कल्पना साधी : मंत्रिमंडळासारखी महापौरांची परिषद, एकेका सदस्याकडे एकेक खातं, आणि कार्यकारी अधिकार आयुक्तांकडून या परिषदेकडे. कोलकात्यात हे त्याआधी दशकभर चालू होतं. मुंबईत या पद्धतीचे महापौर झाले नंदू साटम, इथे फडणवीस. म्हणजे पहिल्या खेपेला ते जुन्या पद्धतीचे महापौर होते आणि दुसऱ्या खेपेला नव्या. एकाच माणसानं हीच खुर्ची रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही रूपांत अनुभवली.

१९९९ मध्ये पद्धत गुंडाळली गेली. वर्षभर जेमतेम चालली. इतक्या कमी काळात ती यशस्वी की अपयशी, हे सांगण्याचा कोणालाच अधिकार नाही, तरी दोन्ही बाजूंनी तो बजावला गेला. आक्षेप काय होते ते सगळ्यांना माहीत आहेत : नगरसेवकांच्या हाती कंत्राटं जातील, अधिकारी दबतील, पक्षातले रुसवे कारभारात उतरतील. खोटे नव्हतेच. पण हेच आक्षेप मंत्रिमंडळालाही लागू आहेत, आणि म्हणून कोणी राज्याचा कारभार मुख्य सचिवाकडे सोपवा म्हणत नाही.

त्याच १९९९ मध्ये फडणवीस पश्चिम नागपुरातून विधानसभेवर गेले. २००९ पासून दक्षिण-पश्चिम. २०१३ मध्ये प्रदेशाध्यक्ष, ३१ ऑक्टोबर २०१४ ला मुख्यमंत्री. पाच वर्षांची सलग मुदत पूर्ण करणारे ते वसंतराव नाईकांनंतरचे पहिले मुख्यमंत्री, आणि दोघेही विदर्भाचे. मग नोव्हेंबर २०१९ चा तो पहाटेचा शपथविधी आणि चार दिवसांतला राजीनामा, ३० जून २०२२ ला उपमुख्यमंत्रिपद, ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा मुख्यमंत्री. हा प्रवास सर्वांना पाठ आहे, त्यावर मी वेळ घेत नाही.

वेळ घेतो तो एका गोष्टीवर. महाराष्ट्रात महापौर राहिलेले दोन मुख्यमंत्री मला आठवतात. एक मनोहर जोशी, १९७६-७७ चे मुंबईचे महापौर. दुसरे फडणवीस. महापौर परिषद आली ती जोशी मुख्यमंत्री असताना. ज्यांना ती खुर्ची रिकामी मिळाली होती त्यांच्या सरकारनं ती भरली. ज्यांना ती भरलेली मिळाली होती, त्यांच्या सरकारनं २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट लोकांतून निवडायचा कायदा केला, पाठोपाठ सरपंचही. २०२० मध्ये पुढच्या सरकारनं तो फिरवला, २०२२ मध्ये तो पुन्हा आला. या सगळ्या उलथापालथीत महापालिकांचे महापौर होते तिथेच राहिले. उमरेडचा नगराध्यक्ष लोक थेट निवडतात, नागपूरचा महापौर नाही. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात, ज्या राज्याची नागपूर कधीकाळी राजधानी होती, तिथे शतक पालटताना महापौरही थेट निवडले जाऊ लागले.

यावर टीका करण्यापूर्वी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो : मुंबईत बसलेला कोणता मुख्यमंत्री, कोणत्याही पक्षाचा, मुंबई-पुणे-नागपूर अशा शहरांत आपल्याइतकाच लोकांनी निवडलेला, तिजोरी हाती असलेला दुसरा नेता तयार होऊ देईल? उत्तर तुम्हीच देता, हसून.

आता बिल्बाओ. उत्तर स्पेनमध्ये नदीकाठी वसलेलं, लोखंड आणि जहाजांवर मोठं झालेलं शहर. १९८० च्या दशकात कारखाने बसले, १९८३ च्या ऑगस्टमध्ये महापुरानं जुनं शहर बुडालं, नदीकाठची जहाजगोदी बंद पडली. आपल्याकडे एम्प्रेस मिल बंद पडून जे झालं त्याच्या कितीतरी पट मोठं. तिथून ते शहर सावरलं, १९९५ मध्ये मेट्रो आली, १९९७ मध्ये गुगेनहाइम संग्रहालय उघडलं, आणि जगभरचे नगररचनाकार तिकडे तीर्थयात्रेला जाऊ लागले. आपले अभ्यासदौरेही गेले असतील.

तिथले महापौर इन्याकी अस्कुना. पेशानं डॉक्टर. १९९१ ते १९९९ बास्क सरकारात आरोग्य खात्याचे मंत्री. मग १९९९ मध्ये बिल्बाओचे महापौर, आणि २०१४ च्या मार्चमध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच पदावर. २००३ मध्ये कर्करोग निघाला होता, तरी त्यानंतर दोन निवडणुका जिंकले. २०११ ला २९ पैकी १५ जागा, म्हणजे निर्विवाद बहुमत. महापालिका कर्जमुक्त केली, आणि २०१२ चा जागतिक महापौर पुरस्कार त्यांना मिळाला. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे : संग्रहालय त्यांनी आणलं नाही. ते आले तेव्हा ते उभं होतं. मेट्रोही. पेरणी आधीच्यांची होती. अस्कुनांनी पंधरा वर्षं राखण केली आणि पीक घरात आणलं. राजकारणात राखणदाराला पुरस्कार मिळणं हीच मोठी दुर्मीळ गोष्ट.

या कारकिर्दीची दिशा बघा. अस्कुना मंत्रिपदावरून महापौरपदाकडे आले. आपल्याकडे हा प्रवास उलटा असता तर लोक म्हणाले असते, पाय घसरला. विकास ठाकरे महापौर होते, पुढे आमदार झाले आणि २०२४ ला नितीन गडकरींविरुद्ध लोकसभेला उभे राहिले. अनिल सोले महापौर, मग विधान परिषद. प्रवीण दटके महापौर, मग विधान परिषद, मग विधानसभा. संदीप जोशी महापौरपदावर असतानाच डिसेंबर २०२० ची पदवीधरची निवडणूक लढले आणि हरले. पक्ष कोणताही असो, महापौरपद म्हणजे जिन्यातला थांबा. अडीच वर्षांचा. पूर्वी तर एकाच वर्षाचा होता. तिथे उभं राहून दम घ्यायचा, खालच्यांना हात दाखवायचा आणि वर बघायचं. यात माणसांचा दोष मला दिसत नाही. महापालिकेच्या इमारतीतून विधानभवन पायी गाठता येतं, आणि अधिकार तिकडे असतील तर शहाणा माणूस चालायला लागणारच.

मग बिल्बाओच्या महापौराच्या हाती असं काय होतं की मंत्र्यानं त्यासाठी खाली उतरावं? निवडणुकीचं म्हणाल तर तिथेही महापौर नगरसेवकच निवडतात, लोक थेट नाही. फरक निवडीनंतर सुरू होतो. तिथे महापौरच प्रशासनाचा प्रमुख. मुदत चार वर्षांची, कितीही वेळा. आणि सगळ्यात मोठी गोष्ट पैसा. बास्क प्रांतांचा स्पेनशी करार आहे, 'कॉन्सिएर्तो एकोनोमिको' नावाचा, लोकशाही परतल्यावर १९८१ मध्ये नव्यानं झालेला. त्यानुसार कर प्रांत स्वतः गोळा करतात, ठरलेला वाटा माद्रिदला पाठवतात, आणि उरलेल्यातला हिस्सा ठरलेल्या सूत्रानं नगरपालिकांना मिळतो. पैसा आधी घरी येतो, मग राजधानीला जातो.

आपल्याकडचा उलटा प्रवास तुम्ही अनुभवलेला आहे. नागपूरची जकात गेली, २०१३ मध्ये एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ मध्ये तो बहुतेक व्यापाऱ्यांसाठी रद्द झाला, आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी. जकात वाईटच होती, नाक्यावर ट्रक सडायचे, तिच्यासाठी मी रडणार नाही. पण ती महापालिकेची स्वतःची होती. आता दर महिन्याला राज्याकडून अनुदान यायची वाट बघायची. ज्याला पगारासाठी वर बघावं लागतं, त्यानं मान ताठ ठेवावी ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आणखी एक. बिल्बाओच्या नदीकाठच्या ओसाड जमिनींचा विकास करायला १९९२ मध्ये 'बिल्बाओ रिया २०००' ही संस्था स्थापन झाली. रेल्वे, बंदर यांच्या जमिनी, केंद्राचा अर्धा वाटा, बास्क संस्थांचा अर्धा, आणि अध्यक्षपदी बिल्बाओचा महापौर. आता आपल्या सदरमधला उड्डाणपूल घ्या. तो राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. मेट्रो महामेट्रोची. ले-आउट १९३६ च्या कायद्यानं झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासचे, आणि प्रन्यासचा सभापती सरकारनं नेमलेला अधिकारी. पाणी २०१२ पासून खासगी कंपनीच्या कंत्राटात. पुलाखालून जाताना कंबरडं मोडलं की तुम्ही कोणाला शिव्या देता? मंगळवारी झोनच्या कार्यालयात जाऊन मनपाला. शिव्या खाण्याचा अधिकार मात्र अबाधित आहे.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचे खटले न्यायालयात अडकले आणि आयुक्तच प्रशासक झाले. पुढची निवडणूक झाली ती थेट १५ जानेवारी २०२६ ला. जवळजवळ चार वर्षं शहराला महापौर नव्हता. माझ्या ओळखीच्या अनेकांना हे जाणवलंही नाही. नगरसेवक नव्हता ते जाणवलं, कारण गटाराचं झाकण कोणाला सांगायचं हे कळेना. महापौर नव्हता याची तक्रार घेऊन कोणी आलेलं मी ऐकलं नाही. महापौरपदाच्या विरोधात याहून कडक टीका मला लिहिता आली नसती, आणि ती लोकांनी एक शब्दही न बोलता केली.

आता वानखेड्यांकडे येतो. नागपूरचे पहिले महापौर पुढे राज्यात मंत्री झाले, १९७२ ते १९७७ विधानसभेचे अध्यक्ष राहिले, क्रिकेट नियामक मंडळाचेही अध्यक्ष झाले. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवरच्या जागांवरून क्रिकेट क्लब ऑफ इंडियाशी वाद झाला तेव्हा जवळच दुसरं मैदान उभं करायचा त्यांनी हट्ट धरला. सुमारे वर्षभरात ते उभं राहिलं, आणि जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिला कसोटी सामना झाला, त्यात क्लाइव्ह लॉइडनं नाबाद २४२ धावा काढल्या. वानखेडे स्टेडियम. आज मुंबईच्या पोराला हे नाव एका नागपूरकर महापौराचं आहे असं सांगितलं तर तो आपल्याकडे संशयानं बघतो.

बिल्बाओत दारूचं एक जुनं कोठार होतं. अस्कुनांच्या काळात त्याचं सांस्कृतिक केंद्र झालं. ते गेल्यावर शहरानं त्याला त्यांचं नाव दिलं : अस्कुना सेन्त्रोआ. ज्या गावात त्यांनी काम केलं, त्याच गावात.

आणि ३१ ऑक्टोबर २०१४ ला, शुक्रवारी संध्याकाळी, देवेंद्र फडणवीसांचा मुख्यमंत्रिपदाचा शपथविधी झाला तो त्याच वानखेडे स्टेडियमवर. नागपूरचे पहिले महापौर तिथे नावानं हजर होते आणि नागपूरचे एक माजी महापौर शपथ घेत होते. दोघेही मुंबईत.